एमएसडब्ल्यू करायचं आहे, पण दादा विचारतो, समाजसेवेला डिग्री कशाला?

पत्र: ताई, नमस्कार. मी केज तालुक्यातल्या एका गावातली. बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई आशा सेविका आहे, वडील शेती करतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंचे यजमान वारले. काकूंच्या संजय गांधी निराधारच्या अर्जासाठी मी त्यांच्याबरोबर पाच वेळा तहसीलला गेले. अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. तेव्हापासून वाटतंय, हेच काम करावं. कॉलेजातल्या मॅडमनी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, सुचवली. पण दादा म्हणतो, "बी.एड. कर, समाजसेवेला डिग्री कशाला लागते?" मला चारचौघांत बोलता येत नाही, इंग्रजी कच्चं आहे. बाहेरगावी राहण्याचा खर्च घरच्यांना झेपेल का, तेही कळत नाही. या शिक्षणात नेमकं काय असतं, कुठे घ्यावं आणि पुढे पोटापाण्याचं काय?

उत्तर: दादाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो अगदीच चुकीचा नाही. समाजसेवेला डिग्री लागत नाही. तू ती नसतानाच केलीस. पण या क्षेत्रातली माणसं समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द वेगळे वापरतात. सेवा मनापासून होते. कार्य मनापासून तर करायचंच, शिवाय शिकून, नोंद ठेवून आणि कुणाला तरी उत्तरदायी राहून करायचं. आपल्या देशात हे शिकवायला सुरुवात झाली तीच मुळी मुंबईत, नागपाड्यात, १९३६ साली. तिथे निघालेली शाळा म्हणजेच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा नंबर १९९६ मध्ये याच संस्थेच्या एका क्षेत्रप्रकल्पातून उभा राहिला. दादाला हे जरूर सांग.

आता काकूंचा अर्ज घे. तो का परत आला हे तू लिहिलेलं नाहीस, पण असे अर्ज बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच अडतात. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक असतं आणि आधारवर दुसरं. उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० रुपयांच्या वरचा मिळालेला असतो. बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. कधी मृत्यूची नोंदच वेळेत झालेली नसते: २१ दिवसांत केली तर ती ग्रामपंचायतीत विनाशुल्क होते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. यातलं काही तू पाच खेपांत स्वतः ठेचकाळत शिकली असशील. शिकलेली समाजकार्यकर्ती पहिल्याच भेटीत हे कागद ओळीने तपासते आणि आणखी काही विचारते. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे का? नवऱ्याचं वय १८ ते ५९ मध्ये होतं का? तसं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपयेही त्यांना मिळू शकतात. महिन्याचे १,५०० सुरू झाल्यावर ते काकूंच्याच हातात पडतात का? घर कुणाच्या नावावर आहे, शेताच्या सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का? एका माणसाचा प्रश्न असा मुळापासून समजून घेऊन त्याच्याबरोबर वाट काढणं म्हणजे व्यक्तिसहाय्य कार्य. पहिल्या वर्षाचा हा महत्त्वाचा पेपर.

पुढे विचार कर. गावात काकूंसारख्या आणखी दहा-बारा जणी असतील. त्यांना एकत्र बसवलं, एकीने दुसरीला कागद कसे जमवायचे ते सांगितलं, तर ते गटकार्य. ग्रामसभेत विषय घेऊन दाखल्यांचं शिबिर गावातच लावून घेतलं, तर ते समुदाय संघटन. तहसीलमध्ये वर्षभरात किती अर्ज परत आले आणि कोणत्या कारणाने, हे मोजलं तर सामाजिक संशोधन. मंजुरी देणाऱ्या तालुका समितीचं काम कसं चालतं, फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबते, हे समजून घेणं समाजकल्याण प्रशासनात येतं. आणि सगळं करूनही नियमच आड येत असेल तर तो बदलण्यासाठी लोकांना घेऊन उभं राहणं ही सामाजिक कृती. पुस्तकात या सहा पद्धतींची सहा वेगळी प्रकरणं असतात. प्रत्यक्षात त्या एकाच बाईच्या एका अर्जात सापडतात. या पद्धती, कायदे, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा पाया, आणि सोबत क्षेत्रकार्य, एवढं दोन वर्षांत, चार सेमिस्टरमध्ये शिकायचं असतं. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) केलेलं असण्याची अट सहसा नसते, त्यामुळे तुझं बी.ए. वाया जात नाही.

क्षेत्रकार्य हा शब्द अधोरेखित कर. मुलं त्याला नुसतं 'फील्ड' म्हणतात. आठवड्यात साधारण दोन दिवस, म्हणजे पंधराएक तास, कॉलेज तुला एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत, शाळेत किंवा सरकारी कार्यालयात पाठवतं. याशिवाय सुरुवातीच्या ओळखभेटी, आठवडाभराचं ग्रामीण शिबिर, अभ्याससहल आणि शेवटी सुमारे महिनाभराची सलग नेमणूक, जिला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. माझं स्पष्ट मत असं आहे की ही पदवी म्हणजे हे क्षेत्रकार्यच. वर्गातले पेपर घरी वाचूनही निघतात. दोन वर्षांतले हे शंभरेक दिवस कच्चे गेले, तर हातात नुसता कागद येतो. आणि नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या माणसाला ते दहा मिनिटांत कळतं.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत, जाहिरात, "शंभर टक्के प्लेसमेंट" हे सगळं बाजूला ठेव. प्रवेशाआधी एक दिवस काढून प्रत्यक्ष जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. ऑफिसमध्ये विचारू नकोस, चहाच्या टपरीवर विचार. गेल्या सेमिस्टरला फील्डला कुठे होतात? तिथे रोज काय करायचात? नोंदणीच्या वह्या भरणं, आधार नंबर टाइप करणं, कार्यक्रमात खुर्च्या लावणं हीच उत्तरं आली, तर सावध हो. दर आठवड्याला सर किंवा मॅडम एकेकीला बसवून चर्चा करतात का? तिला आयसी म्हणतात, आणि गटाच्या चर्चेला जीसी. आयसी होत नसेल तर फील्ड म्हणजे नुसती भटकंती, कारण चूक दाखवणारं कुणी नसतं. अहवालाची वही बघायला माग. समासात लाल शाईने प्रश्न विचारलेले असतील तर ते कॉलेज चांगलं. प्रत्येक पानावर नुसती सही असेल तर कुणी वाचलेलं नाही. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत तेही विचार. दहा-बारा असतील तर लक्ष देता येतं, तीस असतील तर माणूस कितीही चांगला असो, त्याचा इलाज चालत नाही.

"घरबसल्या एमएसडब्ल्यू, फील्डची कटकट नाही" असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. मुक्त विद्यापीठांतून ही पदवी मिळते, इग्नूची एमएसडब्ल्यू त्यातलीच आणि नोकरी करणाऱ्यांना ती सोयीची आहे. पण तिथेही क्षेत्रकार्य करावंच लागतं. ज्याला ते नको आहे, त्याला ही पदवी नको आहे.

तुझ्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात जवळचं मोठं नाव तुळजापूरचं. टाटा संस्थेचा ग्रामीण परिसर तिथे १९८६ पासून आहे. तिथली पदवी एम.ए. या नावाने मिळते. जाहिरातीत "एमएसडब्ल्यू किंवा समकक्ष" असं लिहिलेलं असतं, त्यात ती बसते. शिकवणं इंग्रजीतून. प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेवरून होतो आणि इथेच मराठवाड्यातली मुलं दरवर्षी चुकतात. बी.ए.चा निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणतात. ही परीक्षा साधारण मार्चमध्ये होते आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने भरायचा असतो. निकालाची वाट पाहिली की ते वर्ष गेलं. याशिवाय पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, अहिल्यानगरचं सीएसआरडी, मुंबईचं निर्मला निकेतन, नागपूरचं तिरपुडे, सोलापूरचं वालचंद महाविद्यालय अशी जुनी नावं आहेत. आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतही समाजकार्य महाविद्यालयं आहेत. त्यांचे प्रवेश बहुधा जून ते ऑगस्टमध्ये चालतात. कुठे लेखी परीक्षा असते, कुठे पदवीचे गुण आणि मुलाखत. अनुदानित महाविद्यालयात फी कमी लागते. नाव लहान असलं तरी वर सांगितलेली चौकशी समाधानकारक निघाली तर तिथे बिनधास्त जा.

खर्चाबद्दल. फी माहितीपत्रकात छापलेली असते, फील्डचा खर्च छापलेला नसतो. तो असा मोज: आठवड्याला दोन दिवस, सेमिस्टरला चोवीस-पंचवीस दिवस, म्हणजे दोन वर्षांत शंभराच्या आसपास फेऱ्या. रोज जाऊन-येऊन साठ रुपये धरले तर सहा हजार झाले. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते धरून हिशोब कर. शहरातल्या सिटी बसला ती सवलत लागू नाही. त्यात शिबिराची वर्गणी, अभ्याससहल, लघुप्रबंधाचं, म्हणजे छोट्या संशोधन-अहवालाचं, टायपिंग आणि बायंडिंग मिळव. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाल्या झाल्या भर. तो तू भरल्यावर कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो आणि तिथेच महिनोन्‌महिने पडून राहतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी क्लार्ककडे चौकशी कर. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणासाठी प्रवर्गानुसार योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना, खुल्या प्रवर्गातल्या शेतकरी-मजूर कुटुंबांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. तू कोणत्या प्रवर्गात येतेस ते लिहिलं नाहीस, पण यातली एखादी तुला लागू पडण्याची शक्यता बरीच आहे. उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता, आधार जोडलेलं स्वतःच्या नावाचं खातं, हे सगळं मे महिन्यातच तयार ठेव. या कामात तुझा हात बसलेलाच आहे.

आता फील्डच्या वहीकडे येऊ, कारण दोन वर्षांत सगळ्यात जास्त रडवते ती हीच आणि सगळ्यात जास्त शिकवतेही हीच. पहिल्या सेमिस्टरच्या बहुतेक वह्यांत असं लिहिलेलं असतं: "आज गृहभेट दिली. लाभार्थी महिलेशी संवाद साधला. तिला योजनेची माहिती देऊन समुपदेशन केले. तिला बरे वाटले." ही चार वाक्यं कुठल्याही वस्तीतल्या कुठल्याही बाईबद्दल, घरी बसून लिहिता येतात. मागच्या वर्षीच्या मुलीच्या वहीतून उतरवताही येतात, आणि उतरवली जातातच. तीच भेट अशी लिहून पाहा:

"सकाळी ११.२०. श्रीमती क, वय ३४, विधवा, दोन मुली. दार सासूने उघडलं. मी ओळखपत्र दाखवून नाव सांगितलं. क चुलीपाशीच बसून राहिल्या. 'निराधारचा पगार कधी चालू होईल?' हे सासूने विचारलं. मी क यांना विचारलं, तुमचं बँकेत खातं आहे का? उत्तर सासूनेच दिलं: 'हाये की, दिराच्या मोबाइलला जोडलंय.' क यांनी मान खाली घातली. इथे मी घाईने पुढचा प्रश्न विचारला, थांबायला हवं होतं. माझा अंदाज: मंजुरी आली तरी पैसे क यांच्या हातात पडतीलच असं नाही. पुढच्या भेटीत: त्या एकट्या कुठे भेटतील ते पाहणे, धाकटीला अंगणवाडीत सोडायला त्याच जातात. खात्याचा मोबाइल नंबर बदलायला बँकेत काय लागतं ते विचारून घेणे."

फरक बघ. काय दिसलं, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, माझं काय चुकलं, मला काय वाटतं आणि पुढे काय करणार, या गोष्टी एकमेकींत न मिसळता आल्या आहेत. "तिला बरे वाटले" हे तुला कसं कळलं, असा प्रश्न आयसीत आला की पहिल्या वहीवाल्या मुलीकडे उत्तर नसतं. लोकांसमोर बसून लिहू नकोस, माणसं बोलायची थांबतात. बाहेर पडल्यावर बसस्टँडवर पाच-सहा शब्द टिपून घे आणि त्याच रात्री पूर्ण लिही. दोन दिवस गेले की सासूचं वाक्य तुझ्या भाषेत बदलतं आणि त्यातला अर्थ निसटतो. वहीत खरं नाव, घर नंबर, फोटो कधीही नको. हा नुसता शिष्टाचार नाही. बालगृहातल्या किंवा बाल कल्याण समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. तरीही मुलं बालगृहातले सेल्फी स्टेटसला ठेवतात. तू ठेवू नकोस आणि मैत्रिणीने ठेवला तर तिला तो काढायला लाव.

फील्डमध्ये बाकी काय बिघडतं तेही सांगते. पहिली चूक शब्द देण्याची. "मी करून देते काकू" हे वाक्य तुझ्या तोंडून सहज येईल, कारण तू ते खरं करून दाखवलं आहेस. पण विद्यार्थिनी म्हणून तू तिथे आठवड्यातले दोन दिवस आणि मार्चपर्यंतच असशील. "आपण दोघी चौकशी करू" एवढंच म्हण. किती महिने येणार आहेस ते पहिल्याच भेटीत सांग आणि शेवटच्या महिन्यात पुन्हा आठवण दे. न सांगता जाणं बंद करणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे वस्ती पुढच्या तुकडीला दारात उभी करत नाही. दुसरी चूक पैसे देण्याची. पन्नास रुपये दिले तरी नातं बदलतं, पुढच्या भेटीला ती बाई तुझ्याशी वेगळी बोलते. मदत लागतच असेल तर संस्थेमार्फत.

तिसरी गोष्ट पुस्तकात फारशी सापडत नाही. गावात पहिल्या दिवशी तू कुणाच्या ओसरीवर बसतेस, कुणाच्या घरचं पाणी पितेस, हे सगळं गाव बघतं. सरपंचांच्या वाड्यावर चहा घेतलास आणि दलित वस्तीत "आत्ताच झालाय" म्हणालीस, तर तुझं सगळं समुदाय संघटन तिथेच संपलं. आधी वस्तीत जा, तिथे पाणी माग, मग वाड्यावर. आणि बायकांच्या बैठकीची वेळ पुरुषांना विचारून ठरवू नकोस. तुझ्या भागात दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. मागे म्हातारी माणसं आणि मुलं राहतात. डिसेंबरमध्ये "लोक प्रतिसाद देत नाहीत" असं अहवालात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने गावाचं वर्षच समजून घेतलेलं नसतं.

चौथी गोष्ट गंभीर आहे. एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलाचं शांतपणे ऐकून घे, खोदून विचारू नकोस आणि त्याच दिवशी संस्थेतल्या आणि कॉलेजातल्या सुपरवायझरला सांग. कळवलं गेलं याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. तुझ्या स्वतःच्या सुरक्षेचंही तसंच. पहिल्या गृहभेटी जोडीने कर, कुठे चालली आहेस ते कुणाला तरी सांगून जा, अंधार पडायच्या आत परत ये. फील्डच्या जागी कुणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते.

चारचौघांत बोलता येत नाही, याची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. या कामातला मोठा भाग ऐकण्याचा आहे. भाषण ठोकणारी मुलं पहिल्या वर्षी पुढे दिसतात, पण गृहभेटीत तीच आधी अडखळतात, कारण त्यांना समोरच्याची शांतता सहन होत नाही. गटाची बैठक घ्यायची भीती वाटत असेल तर पहिल्या दोन बैठका पाच-सहा बायकांच्याच घे आणि एक काम हातात ठेव: दाखल्यांची यादी, गावाचा नकाशा रांगोळीने काढणं. हातात काम असलं की बोलणं त्याच्या आधाराने येतं. इंग्रजीचं मात्र मनावर घे. बऱ्याच राज्य विद्यापीठांत पेपर मराठीतून लिहिता येतात, पण कायद्यांचे मजकूर, चांगले संदर्भ, संस्थांचे प्रकल्प अहवाल इंग्रजीत असतात. आतापासून रोज एक पान: बाल न्याय अधिनियम मराठीत आणि इंग्रजीत समोरासमोर ठेवून वाच. शब्द आपल्या कामातले असले की ते डोक्यात राहतात.

विशेषीकरण दुसऱ्या वर्षी निवडायचं असतं. कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार, ग्रामीण-नागरी समुदाय विकास, आणि मनुष्यबळ व्यवस्थापन असे गट बहुतेक ठिकाणी असतात. मनुष्यबळ घेतलं की कारखान्यात नोकरी लवकर लागते म्हणून निम्मा वर्ग तिकडे पळतो. घर चालवायची निकड असेल तर त्यात गैर काही नाही. पण तुझ्या पत्रातलं काम तिथे नाही, हे समजून निवड. वैद्यकीय घेतलंस तर एक गोष्ट ध्यानात ठेव: मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' म्हणवून घ्यायला नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही, त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. एम.फिल.चे नियम अलीकडे बदलत आहेत, त्यामुळे त्या वाटेने जाण्याआधी त्या वर्षीची अधिसूचना वाच.

पोटापाण्याचं खरं तेच सांगते. वकिलांना असते तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही, त्यामुळे कधीकधी आपल्या जागांवर भलत्याच पदव्यांचे लोकही येतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी जागा असतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत तिथलं मानधन ठरवून दिलं आहे: सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशक यांना महिना १८,५३६, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४, जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला ४४,०२३ रुपये. कंत्राट दरवर्षी वाढवून घ्यावं लागतं आणि मानधन उशिरा येतं अशी ओरड असते, ती खोटी नाही. कायम पदांत महिला व बालविकास विभागाचे परिविक्षा अधिकारी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले समाजसेवा अधीक्षक अशा जागा निघतात, पण वर्षांच्या अंतराने. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी रुग्णांचे कागद बघायला तिथे वैद्यकीय समाजकार्यकर्ता लागतो. पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, संकटातल्या बायकांसाठीची सखी केंद्रं, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीवर चालणाऱ्या संस्था ही आणखी ठिकाणं. शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. जाहिरातीतली शैक्षणिक अट शब्दन्‌शब्द वाचायची, 'एमएसडब्ल्यू' आणि 'समाजशास्त्रात एम.ए.' यांत तिथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा राहील, हे घरात आत्ताच बोलून ठेव. बी.एड.लाही पुढे टीईटी आणि अभियोग्यता चाचणी आहे, सरळ वाट तिकडेही नाही, हे दादाला माहीत असेलच.

लघुप्रबंधाबद्दल एवढंच: विषय लहान घे. "महिलांचे सक्षमीकरण: एक अभ्यास" असे गठ्ठे ग्रंथालयात धूळ खात पडलेत. "केज तालुक्यातल्या दोन गावांत निराधारचे परत आलेले अर्ज आणि त्यांची कारणं" हा विषय तू चाळीस मुलाखतींत नीट पूर्ण करू शकतेस. प्रश्नावली आधी पाच जणींवर करून पाहा. कोणता प्रश्न त्यांना कळत नाही ते तिथेच दिसतं.

आणि प्रवेशाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: एमएसडब्ल्यूच का? "मला समाजसेवेची आवड आहे" हे उत्तर त्या दिवशी समोरची माणसं वीस वेळा ऐकतात. तू आज रात्री बसून काकूंचा अर्ज कागदावर उतरव. पहिल्यांदा कोणत्या तारखेला गेलात, कोणत्या टेबलावर काय सांगितलं, परत करताना काय कारण दिलं, ते लेखी दिलं की तोंडी, काकू त्या दिवशी परतीच्या एसटीत काय म्हणाल्या. आठवत नसेल तर काकूंना विचारून घे. मग मुलाखतीत ते तसंच, त्याच क्रमाने सांग.